आई-वडिलांच्या माघारी राहिलेलं कर्ज: वारसांनी काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

घरातलं मोठं माणूस गेलं की कर्जाचे हप्ते थांबतात आणि महिना उलटायच्या आत फोन सुरू होतात. 'वडिलांचं कर्ज आता तुम्हालाच भरायचं आहे,' हे वाक्य बहुतेक वारसांना त्या पहिल्याच फोनवर ऐकायला मिळतं. ते अर्धंच खरं आहे. कर्ज फिटतं ते मयत व्यक्तीच्या मालमत्तेतून. तुमचा पगार, तुमची बचत, तुम्ही स्वतःच्या कमाईतून घेतलेलं घर यांवर त्या कर्जाचा हक्क नसतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५० मध्ये हे स्पष्ट आहे: मयताची जितकी मालमत्ता वारसाच्या हाती आली, तितक्यापुरतीच त्याची जबाबदारी.

हिंदू कुटुंबांत पूर्वी बापाचं कर्ज फेडणं हे मुलाचं धार्मिक कर्तव्य मानून न्यायालयं वसुली करू देत. हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या दुरुस्तीने ९ सप्टेंबर २००५ पासून घेतलेल्या कर्जांसाठी हा आधार काढून टाकला. मुस्लिम कायद्यातही अंत्यविधीचा खर्च, मग कर्ज, मग मृत्युपत्र आणि शेवटी वारस असा क्रम आहे, आणि प्रत्येक वारस आपल्या हिश्श्यापुरताच बांधील असतो.

अडचण एवढीच की ही मर्यादा आपोआप टिकत नाही. चुकीच्या कागदावर सही झाली, स्वतःचा चेक देऊन बसलात, किंवा देणी न मोजता पैसे भावंडांत वाटून टाकले, तर मालमत्तेवरचं कर्ज तुमच्या अंगावर येतं. म्हणून खालचा क्रम मोडू नका. हा लेख भारतातल्या, विशेषतः महाराष्ट्रातल्या वारसांसाठी आहे.

१. पहिले काही आठवडे: सही नाही, चेक नाही, शब्द नाही

या काळात वसुलीवाले भावनेला हात घालतात. 'वडिलांचं नाव खराब होईल', 'तुमचा सिबिल खराब होईल' वगैरे. तुम्ही सहकर्जदार किंवा जामीनदार नसाल, तर मयताच्या थकबाकीची नोंद तुमच्या सिबिलवर येत नाही.

या काळात करू नयेत अशा गोष्टी:

- मयताचं एटीएम कार्ड, यूपीआय किंवा नेट बँकिंग वापरून पैसे काढणं. पासवर्ड माहीत असला तरी नाही. नंतर दुसरा वारस किंवा बँक हाच व्यवहार तुमच्यावर उलटवू शकते.
- मयताच्या क्रेडिट कार्डावरचं जोडकार्ड वापरत राहणं.
- 'मी बघतो, मी देतो' असं व्हॉट्सअॅपवर लिहून देणं.
- मयताच्या देण्यापोटी स्वतःच्या खात्याचा चेक देणं. वडिलांनी दिलेला चेक त्यांच्या मृत्यूनंतर परत गेला, तर त्याचा फौजदारी खटला वारसांवर चालत नाही. तुमचा स्वतःचा चेक परत गेला, तर तुमच्यावर नक्की चालतो.

मोबाईलचं सिम मात्र बंद करू नका, रिचार्ज चालू ठेवा. कर्जांचा शोध घेताना सर्वांत जास्त उपयोग त्यावर येणाऱ्या मेसेजचाच होतो.

धनकोला (कर्ज देणाऱ्याला) कळवायचं ते लेखी आणि थोडक्यात. मजकूर असा पुरे: 'माझे वडील श्री. … यांचे दि. … रोजी निधन झाले. सोबत मृत्यू दाखल्याची प्रत जोडली आहे. त्यांच्या नावावरील सर्व कर्ज खात्यांचे उतारे, मंजुरीपत्र, करारनामा आणि कर्जाशी जोडलेल्या विम्याचा तपशील द्यावा. हे पत्र केवळ माहितीसाठी आहे. यातून मी किंवा अन्य वारस देणे मान्य करीत नाही किंवा वैयक्तिक जबाबदारी स्वीकारीत नाही.' एका प्रतीवर शाखेचा शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का देत नसतील, तर नोंदणीकृत टपालाने पाठवा.

२. लागणारे कागद

- मृत्यू दाखला, किमान ८ ते १० मूळ प्रती. मृत्यूची नोंद २१ दिवसांत ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महापालिकेत व्हावी लागते. उशीर झाला की शुल्क आणि परवानग्या वाढतात. दाखला हातात आल्यावर नावाचं स्पेलिंग आधार, पॅन आणि पासबुकाशी तिथेच ताडून पाहा. एका अक्षराच्या फरकावर फाईल महिनोन्‌महिने अडकते.
- मयताचं पॅन, आधार, सगळी पासबुकं, ठेव पावत्या, विमा पॉलिसी.
- सर्व वारसांचे ओळखपत्र, पत्त्याचे पुरावे आणि फोटो.
- वारसांची यादी. हिंदू पुरुषाच्या वारसांत पत्नी, मुलगे आणि मुलींसोबत त्याची आईही येते. आजी हयात असेल आणि तिचं नाव राहिलं, तर पुढचा प्रत्येक कागद चुकतो.
- मृत्युपत्र असल्यास त्याची प्रत.
- शेती असल्यास सातबारा आणि ८ अ, शहरात मिळकत पत्रिका, फ्लॅट असल्यास करारनामा आणि सूची-२ (दस्त नोंदणीचा उतारा).
- नॉमिनी नसेल आणि रक्कम मोठी असेल, तर न्यायालयातून वारस दाखला किंवा उत्तराधिकार प्रमाणपत्र. तहसील कार्यालयातल्या दाखल्यावर बँक भागवून घेते का, हे आधी विचारून घ्या, म्हणजे दोन्हीकडे फेऱ्या होत नाहीत.

नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा असतो, मालक नाही. बँक ठेवी आणि शेअर्सच्या बाबतीत हे पक्कं ठरलेलं आहे; शेअर्सबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये पुन्हा तेच सांगितलं. नॉमिनीने उचललेली ठेव ही मयताची मालमत्ताच राहते, म्हणून तिच्यातून देणी द्यावी लागतात.

३. कर्ज शोधा

आई-वडिलांनी सगळी कर्जं मुलांना सांगितलेली असतात असं गृहीत धरू नका. हातउसने, पतसंस्थेचं कर्ज आणि दुसऱ्यासाठी राहिलेला जामीन या तीन गोष्टी हमखास उशिरा कळतात.

गेल्या २ ते ३ वर्षांची बँक स्टेटमेंट घ्या आणि प्रत्येक ठरावीक वजावटीवर खूण करा. दर महिन्याच्या त्याच तारखेला जाणारी तीच रक्कम म्हणजे हप्ता. वर्षातून एकदा जाणारी रक्कम बहुधा विम्याची असते: मेच्या अखेरीस गेलेले ४३६ रुपये म्हणजे पंतप्रधान जीवन ज्योती विमा आणि २० रुपये म्हणजे पंतप्रधान सुरक्षा विमा. या दोन नोंदी वारसांसाठी फार मोलाच्या आहेत, त्या पुढे येतील.

सातबाऱ्यावरचा 'इतर हक्क' रकाना वाचा. सोसायटीचा इकरार (पीक कर्जासाठी जमिनीवर लिहून दिलेला बोजा), बँकेचं गहाण, तगाई (सरकारी शेतीकर्ज) असा जो काही बोजा असेल तो तिथे दिसतो. फ्लॅट किंवा प्लॉटसाठी नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर मिळकतीचा शोध घ्या. गहाणखत आणि 'नोटीस ऑफ इंटिमेशन' दोन्ही पाहा, कारण मूळ कागद बँकेत ठेवून घेतलेल्या कर्जाची नोंद महाराष्ट्रात नोटीसच्या रूपाने होते. गाडीच्या आरसी बुकावर 'एचपी' (गाडी तारण असल्याची नोंद) समोर कोणाचं नाव आहे ते बघा.

मयताच्या पगारपत्रकातल्या कपाती पाहा. पगारदार संस्थेचं कर्ज तिथे सापडतं. कपाटातल्या सोनं तारण पावत्या, भिशीची वही आणि जुन्या डायऱ्या चाळा. घरपट्टी, पाणीपट्टी, वीजबिल आणि गृहनिर्माण संस्थेची थकबाकीही विसरू नका. घर ठेवायचं असो की विकायचं, ही देणी मिळकतीच्या मागे लागून येतात.

आता जामीन. गावच्या किंवा नोकरीच्या ठिकाणच्या पतसंस्थेत सभासद एकमेकांना जामीन राहतात, आणि घरच्यांना त्याची गंधवार्ता नसते. जामीनदार गेल्यावर मृत्यूआधी दिलेल्या कर्जाची त्याची जबाबदारी त्याच्या मालमत्तेवर राहते. चालू स्वरूपाच्या जामिनात (एकामागून एक होणाऱ्या उचलींना लागू असलेल्या) मात्र करारात वेगळं लिहिलेलं नसेल, तर मृत्यूनंतरच्या नव्या उचलीला ती मालमत्ता बांधील नसते. म्हणून मयत जिथे जिथे सभासद होते, त्या प्रत्येक संस्थेला पत्र देऊन दोन गोष्टी लेखी मागा: त्यांच्या स्वतःच्या कर्जाची बाकी, आणि ते कोणाकोणाला जामीन होते. मृत्यूची तारीख त्या पत्रात ठळक लिहा.

४. तुमची स्वतःची सही कुठे आहे का?

कर्जाचा करारनामा हातात आला की आधी शेवटची पानं उघडा. सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून तुमची, आईची किंवा भावंडाची सही असेल, तर वर सांगितलेली मर्यादा त्या व्यक्तीला लागू नाही. ती पूर्ण कर्जाला स्वतः जबाबदार आहे. भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. 'आधी वडिलांची मालमत्ता विका, मग माझ्याकडे या' असं जामीनदार बँकेला सहसा सांगू शकत नाही.

गृहकर्जात पती-पत्नी किंवा बाप-मुलगा असे सहकर्जदार असणं नेहमीचं आहे. अशा कर्जाचा हप्ता थांबवू नका. थकलं तर सहकर्जदाराचा सिबिल पडतो आणि ९० दिवसांनी खातं एनपीए (थकीत कर्ज) ठरतं. जिथे तुमच्यापैकी कोणाचीच सही नाही, ती कर्जं वेगळ्या फाईलमध्ये ठेवा. पुढचा बहुतेक मजकूर त्यांच्यासाठी आहे.

५. हप्त्याचा विचार करण्याआधी विमा तपासा

पुष्कळ कुटुंबं विमा आहे हे न कळल्यामुळे वर्षभर हप्ते भरत राहतात. गृहकर्ज, वाहनकर्ज आणि वैयक्तिक कर्ज देताना बँका कर्ज संरक्षण विमा घ्यायला लावतात, आणि त्याचा हप्ता बऱ्याचदा कर्जाच्या रकमेतच मिसळलेला असतो. मंजुरीपत्रातलं शुल्कांचं कोष्टक बघा. तिथे विमा कंपनीचं नाव सापडेल. दावा मंजूर झाला की रक्कम थेट कर्ज खात्यात जमा होते. कर्जाच्या बाकीपेक्षा जास्त आली, तर उरलेली वारसांकडे येते. दावा चालू असेपर्यंत व्याज वाढत राहतं, म्हणून तो पहिल्या महिन्यातच दाखल करा.

याशिवाय हे तपासा:

- जीवन ज्योती: कोणत्याही कारणाने मृत्यू झाल्यास २ लाख रुपये, वयाच्या ५५ पर्यंत. सुरक्षा विमा: अपघाती मृत्यूस २ लाख, वयाच्या ७० पर्यंत. दावा ज्या बँकेतून हप्ता गेला तिथेच करायचा, शक्यतो ३० दिवसांत.
- भविष्य निर्वाह निधीचे सभासद असतील, तर निधीसोबत ठेव संलग्न विमा, कमाल ७ लाख रुपये. नोकरीत असताना मृत्यू झाला असेल, तर हा फॉर्म मालकाकडून भरून घ्यायला विसरू नका.
- शेतकरी कुटुंबातला अपघाती मृत्यू असेल, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून २ लाख. चौकशी तालुका कृषी अधिकारी कार्यालयात करा.

अपघाताच्या दाव्यांना पोलीस पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल लागतो. सर्पदंश, विजेचा धक्का, विहिरीत पडणं अशा वेळी 'कशाला पोलीस' म्हणून शवविच्छेदन टाळलं, की पुढे दावा सिद्ध करणं फार जड जातं.

६. प्रत्येक कर्जाची जात वेगळी

*गृहकर्ज.* घर तारण असतं, म्हणून धनकोचा हक्क घरावर पहिला. घर ठेवायचं असेल, तर हप्ता थेट कर्ज खात्यात भरत राहा आणि कर्ज वारसाच्या नावे करून घ्यायचं का, हे बँकेचा आकडा पाहून ठरवा. नावे करून घेणं म्हणजे नवा करार, म्हणजेच वैयक्तिक जबाबदारी. घराची किंमत बाकीपेक्षा बरीच जास्त असेल, तर ते परवडतं. कमी असेल तर घर विकून बाकी भागवणं शहाणपणाचं. बँकेच्या लिलावाची वाट पाहू नका, स्वतः ग्राहक आणलात तर भाव जवळजवळ नेहमीच बरा येतो. सरफेसी कायद्याची (बँकेला दावा न लावता तारण ताब्यात घेऊन विकू देणारा कायदा) मागणी नोटीस आली की ६० दिवस मिळतात. ताबा घेण्याची कारवाई झाल्यास ४५ दिवसांत कर्ज वसुली न्यायाधिकरणात दाद मागता येते. शेतजमिनीला हा कायदा लागू नाही.

*सोनं तारण.* यात वेळ सर्वांत कमी असतो. मुदत संपली की संस्था नोटीस देऊन लिलाव करू शकते, आणि नोटीस मयताच्याच नावाने, जुन्या पत्त्यावर जाते. पावती सापडल्या दिवशीच शाखेत जा, मृत्यूची माहिती द्या आणि लिलाव थांबवण्याचा लेखी अर्ज करा. सोन्याचा आजचा भाव आणि एकूण देणं यांत फरक मोठा असतो, म्हणून सोडवून घेणं बहुधा फायद्याचं ठरतं.

*वाहन.* मालकाच्या मृत्यूची माहिती ३० दिवसांत आरटीओला द्यायची आणि ३ महिन्यांत नमुना ३१ भरून गाडी नावावर करून घ्यायची. कर्ज बाकी असेल, तर वित्त कंपनीचा ना हरकत दाखला लागतो. नको असलेली गाडी दारात उभी ठेवून व्याज वाढू देऊ नका.

*पीक कर्ज आणि सोसायटी.* इथला सापळा ओळखा. मार्चअखेर सचिव म्हणतात, 'नवं-जुनं करून टाकू, फक्त सह्या करा.' त्या सह्यांनी वडिलांचं कर्ज कागदोपत्री फिटतं आणि तेवढंच नवं कर्ज तुमच्या नावावर उभं राहतं. पुढे शेती तुम्हीच करणार असाल आणि मुद्दल-व्याजाचा उतारा पाहिला असेल, तर हे करायला हरकत नाही. नियमित परतफेडीच्या सवलती टिकतात. पण जो भाऊ शहरात आहे, ज्याला जमीन नको आहे, त्याने केवळ आग्रहाखातर सही करू नये. सोसायटीने सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला घेतला, तरी वारसांचा मुद्दा तोच राहतो: मयताच्या मालमत्तेपुरतं. तो तिथे लेखी मांडा.

वारस नोंद मात्र कर्जासाठी अडवून ठेवू नका. महसूल कायद्याप्रमाणे ती ३ महिन्यांत कळवायची असते, ई-हक्क या महसूल खात्याच्या ऑनलाइन प्रणालीवरून अर्ज करता येतो, आणि बोजा असला तरी वारसांची नावं लागतात. बोजा फक्त पुढे चालत राहतो.

*क्रेडिट कार्ड, वैयक्तिक कर्ज, अॅपवरचं कर्ज.* तारण नाही. मालमत्ता शिल्लक असेल तर तिच्यातून, नसेल तर धनकोला ते बुडीत खाती टाकावं लागतं. मृत्यू कळवताना त्या तारखेपासूनचं व्याज आणि विलंब शुल्क माफ करण्याची विनंती लेखी करा. ती पुष्कळदा मान्य होते. मात्र त्याच बँकेत मयताची ठेव किंवा बचत खातं असेल, तर बँक कर्जाची रक्कम त्यातून वळती करून घेऊ शकते, नॉमिनी असला तरी. एफडीची पावती हातात आहे म्हणून ते पैसे तुमचेच असं धरून खर्चाचे बेत करू नका.

*हातउसने आणि सावकार.* कागद मागा. वचनचिठ्ठी, बँकेतून आलेल्या रकमेची नोंद, काहीतरी. दिवसकार्याला येऊन 'तुझ्या बापाने दोन लाख घेतले होते' म्हणणाऱ्याला नम्रपणे सांगा की यादी चालू आहे, पुरावा द्या, नोंद घेतो. सावकाराकडे परवाना आहे का ते विचारा. विनापरवाना सावकारी हा महाराष्ट्राच्या २०१४ च्या कायद्याने गुन्हा आहे. तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे करायची. अशा व्यवहारात जमीन लिहून घेतलेली असेल, तर व्यवहार १५ वर्षांच्या आतला असताना चौकशी होऊन ती परत मिळू शकते. घरच्यांनी जमीन गेली म्हणून सोडून दिलेली असते, म्हणून जुनी खरेदीखतं एकदा जरूर पाहा.

७. धनकोचा हात पोहोचत नाही असे पैसे

भविष्य निर्वाह निधीची रक्कम नॉमिनीकडे मयताच्या कर्जापासून मुक्त होऊन जाते. ग्रॅच्युइटी, पेन्शन आणि पीपीएफला जप्तीपासून संरक्षण आहे. आईला मिळणारं कुटुंब निवृत्तिवेतन तिचं स्वतःचं आहे. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या १८७४ च्या कायद्याखाली काढलेली विमा पॉलिसी पत्नी-मुलांची असते. इतर आयुर्विम्यात रक्कम कर्जापोटी बँकेच्या नावे असाइन केलेली (लिहून दिलेली) आहे का, हे पॉलिसीच्या मागच्या पानावर बघा.

हे पैसे वेगळ्या खात्यात घ्या. मयताच्या ठेवींत मिसळले, की कोणते कुठले हे सिद्ध करायचं काम तुमच्यावर येतं.

८. देणी जास्त, मालमत्ता कमी

जो जास्त ओरडतो त्याला आधी दिलं, ही सर्वांत मोठी चूक. भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ मध्ये मृत्युपत्राचा व्यवस्थापक किंवा न्यायालयाने नेमलेला प्रशासक यांच्यासाठी क्रम दिलेला आहे, आणि साध्या वारसांनीही तोच पाळावा. अंत्यविधीचा वाजवी खर्च आणि शेवटच्या आजारपणातला दवाखाना सर्वांत आधी. मग न्यायालयीन दाखल्यांचा खर्च. मग मृत्यूच्या आधीच्या ३ महिन्यांतली घरकामगार, मजूर, कारागीर यांची मजुरी. त्यानंतर बाकीची देणी. तारण असलेला धनको आपल्या तारणातून वसूल करतो, सरकारी देण्यांना अग्रक्रम मिळू शकतो, उरलेल्यांना सारख्या प्रमाणात.

हिशेब असा. समजा हाती आलेली मालमत्ता ६ लाख. अंत्यविधी, दवाखाना आणि कोर्टखर्च १ लाख. उरले ५ लाख. बिनतारण देणी: वैयक्तिक कर्ज ६ लाख, क्रेडिट कार्ड २ लाख, कागदावरचे हातउसने २ लाख, एकूण १० लाख. म्हणजे प्रत्येकाला रुपयाला आठ आणे: ३ लाख, १ लाख आणि १ लाख. प्रत्येकाला हाच तक्ता पाठवा. तक्ता समोर आला की तडजोड सोपी होते, कारण सगळ्यांना दिसतं की याहून जास्त काही नाही.

पावती प्रत्येक खर्चाची ठेवा. मयताची मालमत्ता कुठे गेली याचा हिशेब वारसाला देता आला नाही, तर तेवढ्या रकमेपुरती वसुली वारसाकडून वैयक्तिक होऊ शकते. हे दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ५२ आहे.

९. जुनं कर्ज आणि एका सहीची किंमत

साध्या उसन्या पैशांची दाव्याची मुदत ३ वर्षं. 'मागाल तेव्हा देईन' अशी चिठ्ठी असली, तरी ती लिहिल्या तारखेपासूनच मोजतात. गहाणाला १२ वर्षं. मुदत संपण्याआधी देणं मान्य असल्याची लेखी सही मिळाली, की नवी मुदत सुरू होते. थोडे पैसे भरून त्याची नोंद तुमच्या अक्षरात किंवा सहीने झाली तरी तेच. मुदत संपून गेलेल्या कर्जावरही 'मी देईन' असं लिहून सही केलीत, तर तो नवा, वैध करार ठरतो. 'फक्त बाकी बरोबर आहे एवढंच लिहून द्या' म्हणून पुढे केलेला कागद म्हणूनच तारखा तपासल्याशिवाय सही करायचा नाही.

मुदत संपलेलं देणं मनाला पटतं म्हणून द्यायचं असेल, तर तो तुमचा अधिकार आहे. पण ते स्वतःच्या पैशांतून आणि बाकीच्या वारसांना सांगून.

१०. नोटीस, समन्स, लोकअदालत

वकिलाची नोटीस आली तर उत्तर द्या. न्यायालयाचं समन्स आलं तर हजर राहाच. 'आमचा संबंध नाही' म्हणून घरी बसलात, तर एकतर्फी हुकूम होतो. लेखी म्हणणं साधारण ३० दिवसांत द्यायचं असतं, आणि त्यात हाती आलेल्या मालमत्तेची यादी रकमेसह मांडायची. वडील हयात असतानाच दावा चालू असेल, तर वादीने ९० दिवसांत वारसांची नावं लावायला हवीत. तारखा वकिलाकडून तपासून घ्या.

लोकअदालतीचं बोलावणं सौम्य वाटतं, पण तिथला समझोता हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नाही. कर्ज 'मी हप्त्याने फेडीन' असं तिथे लिहून दिलंत, तर मालमत्तेची मर्यादा गेली. सही करायचीच असेल, तर 'मयताच्या मालमत्तेतून' हे शब्द मसुद्यात आहेत याची खात्री करा.

वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करायला बँकांना मनाई आहे. त्रास होत असेल, तर आधी बँकेकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. फोन क्रमांक आणि वेळा एका वहीत टिपून ठेवा.

११. आयकर

मृत्यूच्या तारखेपर्यंतच्या उत्पन्नाचं विवरणपत्र वारसाला भरावं लागतं. त्यासाठी ई-फायलिंग पोर्टलवर कायदेशीर वारस म्हणून नोंदणी करा. जबाबदारी इथेही मालमत्तेपुरतीच. पण कर थकलेला असताना मालमत्ता विकली किंवा कोणाला दिली, तर तेवढ्या किमतीपुरते तुम्ही स्वतः अडकता. परतावा येणं असेल तर तो मालमत्तेत धरा.

१२. वाटणी आणि हक्कसोड

देणी भागल्यावर किंवा त्यांच्यासाठी पुरेशी रक्कम बाजूला काढल्यावरच वाटणी. आधी वाटून घेतलं, तर धनको प्रत्येक वारसाच्या हिश्श्यामागे येऊ शकतो आणि ज्याने पैसे खर्च करून टाकले त्याच्यावरून भावंडांत तंटा होतो. धनकोला चुकवायला आईच्या किंवा बहिणीच्या नावे हक्कसोड करण्याचा सल्ला गावोगाव मिळतो. असा व्यवहार न्यायालय रद्द ठरवू शकतं, आणि ज्या बहिणीच्या नावावर मिळकत गेली तिला नाहक कोर्टात उभं राहावं लागतं.

१३. तडजोड आणि बोजा उतरवणं

एकरकमी परतफेडीची बोलणी तोंडी झाली तरी पैसे भरायचे ते लेखी मंजुरीपत्र हातात आल्यावरच. त्या पत्रात रक्कम, भरण्याची शेवटची तारीख आणि 'यानंतर वारसांकडे कोणतेही येणे राहणार नाही' हे वाक्य असलं पाहिजे. वसुली एजंटाच्या हातात रोख देऊ नका, रक्कम कर्ज खात्यातच भरा.

फेड झाल्यावर नो ड्यूज दाखला, सोसायटीचा असेल तर बेबाकी दाखला, लगेच घ्या. बँकेने मिळकतीचे मूळ कागद ३० दिवसांत परत करायचे असतात. बँकेच्या चुकीने उशीर झाल्यास दर दिवसाला ५,००० रुपये भरपाईचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. पाकीट उघडून पानन्‌पान यादीशी ताडून मगच पोचपावतीवर सही करा.

कर्ज फिटलं म्हणजे सातबाऱ्यावरचा बोजा आपोआप निघतो असं नाही. बँकेचं किंवा सोसायटीचं पत्र जोडून ई-हक्कवर बोजा कमी करण्याचा अर्ज करा, फेरफार मंजूर झाला का ते पाहा आणि नवा उतारा काढून 'इतर हक्क' रकाना कोरा झाल्याची खात्री करा. फ्लॅटसाठी गहाण सोडल्याची नोंद करून घ्या, गाडीसाठी नमुना ३५ देऊन आरसीवरचा एचपी काढून टाका. देण्यांचा तक्ता, पावत्या आणि सगळे नो ड्यूज दाखले एका फाईलमध्ये घालून त्यांच्या प्रती प्रत्येक भावंडाला द्या. गहाणाची दाव्याची आणि हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीची मुदत प्रत्येकी १२ वर्षं असते, तेव्हा ही फाईल निदान तेवढी वर्षं तरी जपून ठेवा.